सहाव्या आठवड्यातला फोन

फोनची दुसरी घंटा मी आयुष्यात कधी वाजू दिलेली नाही. बावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, कानाला हेडफोन आणि समोर भोकाभोकांची पाटी. एकदा मी दोन चुलतभावांना जोडून दिलं तर ते तीन दिवस बोलत राहिले. मधेच एकाला मुलगी झाली, आणि तिचं पहिलं रडणं दुसऱ्यानं माझ्याच तारेवरून ऐकलं. आता तीन दिवस म्हणजे तीन तास असतील. माझा मुलगा म्हणतो, तीन मिनिटं. तो होता का तिथं? नव्हता. मग गप्प बसावं.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढं जे झालं ते माझ्या याच सवयीनं झालं.

माझा मुलगा काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला आहे. बाटली दिव्यासमोर धरायची, गोल फिरवायची, तडा दिसला की बाजूला ठेवायची. दोन वर्षांपूर्वी कारखाना गावातून उठून इकडे मोठ्या शहरात आला, आणि कारखान्यामागून आम्ही आलो. मुलगा, सून आणि मी. नात मागाहून. नातीला मी मुंगी म्हणते. तीन वर्षांची असताना तिनं स्वतःपेक्षा मोठं पातेलं मागच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत ओढत आणलं होतं. वाटेत सगळे म्हणाले, अगं दे इकडे. दिलं नाही. अजून तशीच आहे. मदत माग म्हटलं की ओठ शिवून बसते.

मुंगी आली ती आमच्यानंतर. गावातल्या कॉलेजात रसायनशास्त्राची दोन वर्षं पुरी केली तिनं, तोवर तिथंच मैत्रिणीच्या घरी राहिली. मग इथल्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला बदली करून घेतली. बदली म्हणजे मला वाटलं नोकरीसारखी असेल. इथलं टेबल सोडायचं, तिथलं धरायचं. चहाचा कप तेवढा सोबत न्यायचा.

पहिल्या दिवशी संध्याकाळी ती आली आणि बूट न काढताच खुर्चीत बसली.

"कसं आहे गं?" मी विचारलं.

"मोठं आहे."

"ते रस्त्यावरूनही दिसतं. आतून कसं आहे?"

"आतूनही मोठंच आहे, आजी."

मग हळूहळू एकेक बाहेर आलं. नव्या मुलांना विद्यापीठ दाखवतात, तो फेरफटका पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी. मुंगी त्यांच्यात गेली तर तिथल्या बाई म्हणाल्या, तू तिसऱ्या वर्षाची ना, तुला ग्रंथालय कुठं आहे ते माहीत असेल. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात गेली तर तिथं सगळ्यांना सगळं माहीत. कुठल्या सरांना उशीर चालतो, कुठल्या नळाला गरम पाणी येतं. प्रयोगशाळेत दोघादोघांची जोडी लागते, आणि जोड्या दोन वर्षांपूर्वीच जमलेल्या. मुंगीनं एकटीनं काचेची नळी धरायची आणि एकटीनंच घड्याळ बघायचं.

"जेवायला कुणाबरोबर बसतेस?" सुनेनं विचारलं.

"बसते कुणाकुणाबरोबर."

सून शिवणकाम करते. कापड हातात घेतलं की फाटणार कुठं ते तिला आधी कळतं. दुसऱ्या दिवशी डब्यात दोघींपुरतं दिलं. डबा संध्याकाळी अर्धा भरलेलाच परत आला.

पण खरं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. गावच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला पाणी तपासण्याची प्रात्यक्षिकं होती, साठ तासांची. इथं तीच पंचाहत्तर तासांची लागतात. पंधरा तास कमी पडले. आता गंमत अशी की गावात ती मुलं पंपघरावर जाऊन आणखी वीस तास पाणी तपासायची. पण कॉलेजच्या कागदावर त्याला ‘भेटी’ असं लिहिलेलं, आणि इथल्या कार्यालयात भेटी म्हणजे सहल. वीस वेळा पंपघरावर गेलेली माझी नात कागदावर सहलीला गेली होती.

तेव्हा मुंगीनं दुसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिकं परत करायची, असं ठरलं. ती मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी दहाला. आणि तिसऱ्या वर्षाची सक्तीची प्रयोगशाळा कधी? मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी दहाला.

"मग तू कुठं जातेस?" मी विचारलं.

"एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे."

"आणि पास कुठं होणार?"

तिनं चमचा खाली ठेवला. "हेच तर. दोन्हीकडे हजेरी कमी. दिवाळं दोन्हीकडे." मग जरा थांबून म्हणाली, "आजी, हे मिटलं नाही ना, तर मी सोडणार. नापासाचा शिक्का कागदावर बसायच्या आत सोडलेलं बरं."

मुंगी उगाच बोलत नाही. मी लाख बोलीन, त्यातलं एक खरं धरा. ती एक बोलली तर ते लाख वेळा खरं.

मग सत्राच्या पाचव्या आठवड्यात ती जरा वेगळ्याच चेहऱ्यानं घरी आली. बूट काढले, जागेवर ठेवले. म्हणाली, विद्यापीठात एक खोली आहे, बदली विद्यार्थी साहाय्य कक्ष. बदलून आलेली फार मुलं मधेच सोडून जायला लागली म्हणून गेल्या वर्षीच काढलाय. चाळीस जणांना घेतात. त्यांना एक बाई देतात. बाई म्हणजे प्राध्यापिका. त्या जुन्या कॉलेजची वही आणि नवी वही शेजारी शेजारी ठेवून बसतात, आणि जे जुळतं त्यावर सही करतात. त्या सहीला सगळं कार्यालय मान देतं.

"म्हणजे पंपघर?" मी म्हटलं.

"पंपघर धरतील. वीस तास. पंधराच हवेत." तिनं बोटं मोडली, लहानपणी मोडायची तशी. "मी अर्ज भरलाय. खरं खरं लिहिलं सगळं. जेवते कुठं ते पण लिहिलं."

"कुठं जेवतेस?"

"ते अर्जात आहे," म्हणाली आणि हसली. महिनाभरात पहिल्यांदा. "मी पहिल्यांदाच असं कुणाला लिहिलं गं. मदत करा म्हणून."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. केसांत काहीतरी लागलं. कुठल्यातरी भिंतीचा चुना होता.

*

सहाव्या आठवड्यात, बुधवारी, दुपारी फोन वाजला. घरात मी एकटी. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत रिसीव्हर कानाला.

"नमस्कार, विद्यापीठातून बोलतेय. बदली विद्यार्थी साहाय्य कक्ष. घरच्यांपैकी कुणाशी बोलता येईल का?"

तरुण आवाज. घसा बसलेला, सकाळपासून बोलून बोलून. मला अशा आवाजाची फार दया येते.

"घरच्यांपैकी सगळ्यात जुनी मीच आहे. चालेल का?"

ती हसली. "चालेल आजी. आपल्या नातीबद्दल दहा प्रश्न आहेत. पाच मिनिटं लागतील."

इथं मला एक सांगू द्या. आमच्या एक्स्चेंजमध्ये नवी मुलगी लागली की दुसऱ्या महिन्यात सुपरवायझरबाई तिच्या घरी जायच्या. चहा प्यायच्या, आणि सहज विचारायच्या, मुलगी खूश आहे ना कामावर? ज्या घरानं कुरकुर केली, थकते हो, रडते हो म्हटलं, त्या घरातली मुलगी पुढच्या महिन्यात खुर्चीवर दिसायची नाही. माझ्या आईला हे कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं. तिनं बाईंना सांगितलं की आमची पोरगी झोपेतसुद्धा ‘हॅलो, नंबर प्लीज’ म्हणते. तेवढ्यावर माझी बावीस वर्षं निघाली.

तेव्हा असला प्रश्न आला की उत्तर काय द्यायचं, ते मला पाठ होतं. टिकवायची असेल पोरगी, तर ती खूश आहे.

"आपली नात विद्यापीठात रुळली आहे का?"

"रुळली म्हणजे? आता आम्हालाच तिला भेटायला वेळ मागावा लागतो."

"मैत्रिणी झाल्या का?"

"अकरा."

"अकरा?" तिकडे पेन थांबल्यासारखं वाटलं.

"बारावी आहे, पण तिचं अजून नक्की नाही. रोज दारात घेऊन जायला येतात. गल्लीतली कुत्री आता भुंकत पण नाहीत, सवय झाली त्यांना."

ती इतकी हसली की तिचा बसलेला घसा सुटला. मग मला काय, आणखी जोर चढला. समोरचं माणूस हसलं की माझ्या जिभेला हाड राहत नाही.

"शिक्षकांबद्दल काही तक्रार?"

"तक्रार कसली. प्रयोगशाळेतले सर तिच्याशिवाय दिवा पेटवत नाहीत. एकदा तिला सर्दी झाली तर अख्खा वर्ग बाहेर उभा ठेवला, म्हणे ती येईल तेव्हाच सुरू करू."

"जेवण वगैरे?"

"डबा इथून जातो तो कुणाकुणाच्या पोटात जातो कोण जाणे. हिच्या वाट्याला झाकण येतं."

दहाव्या प्रश्नाला तर मी म्हटलं की आमच्या मुंगीला विद्यापीठ सोडायला सांगितलं, तर ती खांबाला मिठी मारून बसेल आणि खांब उपटून न्यावा लागेल.

"आजी," ती म्हणाली, "तुम्ही माझा दिवस चांगला केलात."

फोन ठेवून मी स्वतःसाठी चहा केला. दोन चमचे साखर घातली. म्हटलं, टिकवली पोरगी.

*

पत्र बारा दिवसांनी आलं. मुंगीनं उभ्या उभ्याच फोडलं. पिशवी खांद्यावर तशीच. मी शेंगा सोलत बसले होते.

ती मोठ्यानं वाचायला लागली, आणि दुसऱ्याच ओळीला तिचा आवाज बारीक झाला.

"‘आपल्या घरून मिळालेल्या माहितीनुसार आपण विद्यापीठात उत्तम रीतीनं सामावल्या आहात, याचा कक्षाला आनंद वाटतो. आपल्याला स्वतंत्र मार्गदर्शनाची आवश्यकता नसल्यानं आपला अर्ज या वर्षापुरता बंद करण्यात येत आहे.’" ती थांबली. "खाली हातानं लिहिलंय. ‘तुमच्या अकरा मैत्रिणींना नमस्कार.’"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

"घरून कुणी माहिती दिली?" तिनं विचारलं. तिला माहीत होतं. अकरा म्हटल्यावर या घरात दुसरं कोण असणार.

मी सगळं सांगितलं. सुपरवायझरबाईंचं, माझ्या आईचं, बुधवारचं. सर्दी आणि खांब पण सांगितला. ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्यासमोर बसली, टोपलीतली एक शेंग घेतली आणि सोलायला लागली.

"अकरा का, आजी? दहा का नाही?"

"दहा म्हटलं की थाप वाटते. गोल आकडा कुणाला खरा वाटत नाही."

तिनं मान हलवली, शिकण्यासारखं काही ऐकल्यासारखी. मग म्हणाली, "तुला वाटलं खूश असतील त्यांना ठेवतात."

"हो."

"इथं उलटं आहे. इथं रडतील त्यांना ठेवतात."

"मला कसं कळावं गं?"

"नाही कळणार," ती म्हणाली. "मला पण माहीत नव्हतं ते घरी फोन करतात म्हणून. माहीत असतं तर तुला सांगून ठेवलं असतं."

संध्याकाळी मुलाला कळलं. तो एवढंच म्हणाला, "आई, तुला एकदा तरी नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येतं का?"

हो म्हणू की नाही, तेच कळेना.

*

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न सांगता निघाले. दोन बस बदलल्या. विद्यापीठ खरंच मोठं आहे. हे मी वाढवून सांगत नाही. कक्ष तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. कुठं जेवते ते मुंगीनं आदल्या रात्री शेवटी सांगितलं होतं, म्हणून मी जिन्यानं चढताना पायऱ्या मोजल्या. दुसऱ्या वळणानंतर, सोळाव्या पायरीवर, भिंतीचा चुना पाठीच्या आकारात घासलेला होता. शेजारी ब्रेडचे दोनचार कण पडलेले. मी तिथं जरा टेकले. दम लागला म्हणून.

कक्षाच्या खिडकीत एक साहेब होते. एक चष्मा नाकावर, एक कपाळावर. मी घसा खाकरून सुरुवात केली, "मी सहाव्या आठवड्यात फोनवर..."

एवढ्यात आतून एक मुलगी उठून धावत आली. "अकरा मैत्रिणींच्या आजी ना तुम्ही? आवाजावरून ओळखलं."

ती फोनवाली. जेमतेम पंचविशीची, गळ्यात मफलर. तिनं मला आत नेऊन खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. दोनतीन माणसं टेबलामागून डोकावली. एक बाई म्हणाली, "खांबवाल्या?" आणि सगळे हसले.

"आजी, तुमचा फोन आम्ही बैठकीत वाजवून दाखवला," फोनवाली म्हणाली. "रेकॉर्ड होतात ना सगळे. कुलसचिव साहेबांनी दोनदा ऐकला. म्हणाले, कक्षाचं काम म्हणजे हे. लोकांच्या घरापर्यंत पोचलं पाहिजे."

मी पाणी खाली ठेवलं. "पोरी, ते सगळं खोटं होतं."

सगळे परत हसले.

"अगं खरंच. एक पण मैत्रीण नाही तिला. ती लिफ्टच्या मागच्या जिन्यात जेवते. सोळाव्या पायरीवर."

"सोळाव्याच का?" कपाळावर चष्मा असलेले साहेब खिडकीतून वळून म्हणाले. त्यांनाही आता मजा यायला लागली होती.

"पंधराव्यापर्यंत वरच्या वर्गातली मुलं बसतात."

"बघा," साहेब बाकीच्यांना म्हणाले, "तपशील बघा."

तेव्हा मला कळलं. मी बावीस वर्षं आणि पुढची तीस वर्षं एकाच आवाजात बोलत आले. खरं पण त्याच आवाजात, थाप पण त्याच आवाजात. दुसरा आवाज मी कधी बनवलाच नाही. मी सांगितलं की ती आठवडाभरात वर्गात कुणाशी चौदा शब्द बोलली. मोजून चौदा, तिनं स्वतः सांगितलेले, त्यातले नऊ ‘सॉरी’. मघाची ती बाई तोंडावर हात ठेवून हसली. मी पंपघराचं सांगितलं, सहलीचं सांगितलं. मंगळवार आणि गुरुवारचं सांगितलं. माझा शब्द मधेच अडला तर मफलरवाली म्हणाली, "आजी, तुम्ही नाटकात कामं केलीत का हो?"

मी डोळ्याला पदर लावला. तेव्हा कुठं ती हसायची थांबली. माझ्याकडे नीट बघितलं तिनं. मग खुर्ची जवळ ओढली.

"खरंच?" हळू आवाजात म्हणाली.

"खरंच गं."

तिनं कपाट उघडून मुंगीचा अर्ज काढला. मी अक्षर ओळखलं, बारीक, एका रेषेत. तिनं तो वाचला. पहिल्यांदाच वाचत असावी, कारण तिचे कान लाल झाले.

"साहेब," ती म्हणाली, "हिनं अर्जात हेच लिहिलंय. जिना पण लिहिलाय."

साहेब आले. दोन्ही चष्मे जागेवर आणून अर्ज बघितला. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला नियम समजावून सांगितला, माझ्या मुलानं बाटली फिरवावी तसा, सगळ्या बाजूंनी. अर्ज आणि घरचं उत्तर जुळलं नाही तर घरचं उत्तर धरायचं. का? तर मुलं रागाच्या भरात काहीही लिहितात, घरची माणसं शांतपणे सांगतात. गेल्या वर्षी हे ठरवायला सहा बैठका झाल्या होत्या.

"मग मी घरची आहे," मी म्हटलं. "आता शांतपणे सांगतेय. लिहून घ्या."

"घरचं उत्तर सहाव्या आठवड्यात घेतो आम्ही."

"आता कितवा चालू आहे?"

"आठवा."

"मग?"

त्यांनी दोन्ही हात जरा पसरले. "पुढच्या वर्षी येतो ना सहावा आठवडा."

"आणि यादी पण भरली आजी," मफलरवाली म्हणाली. "चाळीस झाले. मी फार तर एक्केचाळिसावं नाव लिहिते. प्रतीक्षेत. चाळिसातलं कुणी गेलं, तर हिचा नंबर."

"कुठं गेलं तर?"

ती जरा अडखळली. "सोडून गेलं तर. विद्यापीठ."

*

मुंगीला मी घरी येऊन सगळं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. ती म्हणाली, बरं. मग ती आपणहून त्या प्राध्यापिकाबाईंकडे गेली, सही करणाऱ्या. बाईंनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, दहा मिनिटांत पंपघर जुळवलं. म्हणाल्या, पंधरा काय, तुझे वीसच्या वीस तास निघतात. आणि वही मिटून परत दिली. यादीत नाव नसेल तर त्यांची सही कार्यालयात चालत नाही. त्यांनी मागं एकदा केली होती, तर तो मुलगाच अडचणीत आला.

"चांगल्या आहेत बाई," मुंगी म्हणाली. "मला बिस्कीट दिलं."

त्यानंतरचे तीन आठवडे मी एक वाईट गोष्ट केली. सांगायला लाज वाटते, पण सांगते. रोज सकाळी उठून मी मनात म्हणायची, त्या चाळिसातलं एक तरी पोर जाऊ दे. कुणाला तरी नोकरी लागू दे, कुणाचं लग्न ठरू दे. कुणाला घरची आठवण येऊ दे. कुणाच्या तरी नातवंडाबद्दल मी असं म्हणत होते. दर दोन दिवसांनी मी मफलरवालीला फोन लावायची.

"गेलं का कुणी?"

"नाही आजी. सगळे आहेत."

"कुणी रडतंय तरी का?"

"रडत होते ते आता हसायला लागलेत." तिला ते सांगताना वाईट वाटत होतं, आवाजावरून कळत होतं. "यंदा आमचं काम फार चांगलं चाललंय, आजी. चाळिसातले चाळीस टिकलेत."

बाराव्या आठवड्यात परीक्षेचे अर्ज निघाले. तो भरला की निकाल कागदावर येणार. मुंगीनं तो भरला नाही. दुसरा भरला, सोडण्याचा. आधी गावच्या कॉलेजला विचारून झालं होतं. ते म्हणाले, मधेच घेता येत नाही, पुढच्या वर्षी ये, पण बदलीची म्हणून यावं लागेल.

मुलानं कारखान्यात शब्द टाकला. त्याच्या शेजारच्या दिव्यापाशी जागा होती. सोमवारपासून.

"वर्षभरच," मुंगी म्हणाली. "मग बघू."

सुनेनं तिच्यासाठी कारखान्याचा अंगरखा मापात बसवायला घेतला. बाही थोडी लांब होती. मुंगी मधल्या खोलीत हात लांब करून उभी होती, सून गुडघ्यावर बसून टाचण्या लावत होती. मी खिडकीत होते. काहीतरी सांगावं असं वाटलं. एक गोष्ट होती माझ्याकडे, एक्स्चेंजमधली, हेडफोनमध्ये झुरळ शिरल्याची, तिला लहानपणी फार आवडायची. तोंड उघडलं आणि मिटलं.

तेवढ्यात फोन वाजला.

उचलावा की नाही, मी बघत राहिले. दुसरी घंटा वाजली. सुनेनं टाचणी तोंडात धरून माझ्याकडे बघितलं. तिसरीला मी उचलला.

"नमस्कार, विद्यापीठातून... आजी, तुम्हीच ना?" मफलरवाली. "जे विद्यार्थी सोडतात त्यांच्या घरी पण एक फोन करावा लागतो. एकच प्रश्न असतो. मी मुद्दाम तुमचा नंबर माझ्याकडे घेतला. दुसऱ्या कुणी केला असता तर..." ती थांबली. "वाचू का?"

"वाच."

"सोडण्याचं कारण. एक, विवाह. दोन, नोकरी. तीन, आजारपण. चार, आर्थिक अडचण. पाच, घरगुती. सहा, इतर."

"पंपघर आहे का त्यात?"

"नाही आजी."

"मंगळवार?"

"नाही."

मधल्या खोलीत मुंगीनं हात खाली घेतला होता. सुनेनं तो परत वर केला.

"मग लिही," मी म्हटलं, "आजी."

"काय?"

"कारणात लिही, आजी. आजीनं घालवलं."

मग ती हसली. मनापासून हसली असं नाही, पण हसली, आणि तिच्या मागं कुणीतरी विचारलं, त्याच का? खांबवाल्या?

"तुम्ही पण ना, आजी," ती म्हणाली. "मी घरगुती लिहिते हं."

मी हो म्हटलं. नुसतं हो.

रिसीव्हर ठेवला तर मुंगी टाचण्यांसकट दारात आली होती, एक बाही लांब, एक आखूड.

"कुणाचा होता गं?"

राँग नंबर म्हणावं, असं अगदी जिभेवर आलं होतं.

"तुझ्या विद्यापीठाचा."

"काय म्हणाले?"

"काही नाही," मी म्हटलं. "हसले."

तिनं मान हलवली आणि आत गेली, आईसमोर परत हात लांब करून उभी राहिली.